दुखवट्याचा पाट

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. जेवायला बसतात तो नव्हे. माझ्यावर कुणी बसलंच तर बसणाऱ्याची खैर नाही, कारण माझ्या अंगावर खड्डेच खड्डे आहेत. सात वाट्यांची एक ओळ, तिच्यासमोर सात वाट्यांची दुसरी आणि दोन्ही टोकांना एकेक मोठं घर, असा माझा घाट. एका वाटीतले चिंचोके उचलायचे, पुढच्या वाट्यांत एकेक पेरत जायचं आणि आपल्या मोठ्या घरात जास्तीत जास्त जमवायचे, असा माझ्यावरचा खेळ. आम्हा बुगीस लोकांत त्याला गलेचेंग म्हणतात.

माझा जन्म जावाच्या पलीकडच्या एका बेटावरचा, तेम्पे तळ्याच्या काठचा. तिथं ला सुलो नावाचा एक माणूस होड्या बांधायचा. त्याची आई वारली, तेव्हा त्यानं हातातली होडी तशीच सोडली आणि फणसाच्या एका उरलेल्या फळीतून मला कोरलं. कोरताना तो रडत होता का, हे मला सांगता येणार नाही. तेव्हा मी निम्माच झालो होतो. पण माझ्या दोन वाट्या जरा खोल आहेत आणि एक तिरकी आहे, त्यावरून त्याचं लक्ष ठिकाणावर नव्हतं एवढं नक्की.

आता माझ्या नशिबाची गोष्ट ऐका. आमच्याकडे गलेचेंग वाटेल तेव्हा खेळत नाहीत. घरातलं माणूस गेलं की दुखवट्याच्या दिवसांतच खेळतात. बायका आणि पोरं माझ्याभोवती बसतात, हात गुंततात, बोलणं निघतं, घास घशाखाली उतरतो. दुखवटा संपला की मला धुऊन पुसून माळ्यावर टाकतात. एरवी कुणी माझ्या वाटीत एक चिंचोका जरी टाकला, तर त्या घरात दुसरं मरण येतं अशी समजूत आहे. खरी की खोटी, मला ठाऊक नाही. आजवर कुणी टाकून बघितलेला नाही.

म्हणजे माणूस मेल्याशिवाय माझी आठवण होत नाही. माळ्यावर भाताच्या पेंढ्यांशेजारी मी वर्षानुवर्षं पडून असतो. उंदरांशी माझं जमत नाही. खाली बारशी होतात, लग्नं होतात, भांडणं होतात, पाहुणे जेवून ढेकर देतात, ते सगळं मला फळ्यांच्या फटींतून ऐकू येतं. खूप एकटं वाटतं हो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मला खाली न्या असं मनातसुद्धा म्हणायची सोय नाही. तसं म्हटलं तर मी काय मागतोय, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

ला सुलोनंतर घर त्याच्या नातीकडे आलं. तिचं नाव रावे. ती म्हातारी झाली तशी सगळे तिला नेने रावे म्हणू लागले. नेने म्हणजे आजी. तिला दोन मुली. थोरली हालिया, कमरेला गुंडाळायचे रेशमाचे सारोंग विणणारी. तिचा नवरा मप्पा तळ्यात मासे धरायचा आणि घरात दुसरा पुरुष नाही म्हणून बायकोच्याच घरी राहायचा. धाकटी तेन्री, तिचं लग्न ठरलेलं. आणि हालियाची मुलगी बेस्से, पहिलीत जाणारी. पाच माणसांचं हसतं घर होतं.

एके दिवशी मप्पा शिडीवरून माळ्यावर आला. त्याचे डोळे सुजलेले होते. त्यानं माझ्यावरची धूळ सारोंगच्या टोकानं पुसली, मला छातीशी धरलं आणि बराच वेळ तिथंच उभा राहिला. तापाचं निमित्त होऊन हालिया गेली होती.

नेने रावेनं मला खिडकीजवळ मांडलं आणि समोर नातीला बसवलं. बेस्सेच्या एका हातात आईचा धोटा होता, विणताना धागा इकडून तिकडे नेणारा, बांबूचा, हातांनी काळा झालेला. तो ती जेवतानाही सोडत नव्हती. नेनेनं तिच्या दुसऱ्या मुठीत चिंचोके दिले.

"मूठ उघड, पोरी. एकेक टाकत जा."

"नाही. सांडतील."

"सांडायचे नाहीत ग, पेरायचे."

"नको. सगळे एकत्रच राहू देत."

त्या दिवशी खेळ झाला नाही. बेस्से मूठ आवळून बसली ती चिंचोक्यांचे वण तळहातावर उमटेपर्यंत. नेनेनं जबरदस्ती केली नाही. दोघी माझ्या दोन बाजूंना नुसत्या बसून राहिल्या.

शाळेच्या वुलान बाई भेटायला आल्या. बाई जावा बेटावरच्या, आमच्या गावात नव्याच बदलून आलेल्या, मनानं सरळ पण तोंडानं घाईच्या. घरात शेजारणी बसलेल्या. बाईंनी मला बघितलं आणि त्यांचा चेहराच उजळला.

"अय्या, हा इथंही असतो? लहानपणी शाळा सुटली की आम्ही रोज खेळायचो!"

"रोज?" शेजारच्या इंदो सारीनं विचारलं.

"रोज. सुट्टीत तर दिवसभर."

"मग बाई, तुमच्या गावात माणसं शिल्लक राहिली तरी कशी?"

बाईंना वाटलं थट्टा आहे. त्या हसल्या. बाकी कुणीच हसलं नाही. दुखवट्याच्या घरात असल्या गोष्टी फोडून सांगत नाहीत, म्हणून कुणी काही सांगितलंही नाही, आणि तिथंच घोटाळा झाला.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. पण इंदो सारीसारखी शेजारीण असली की शाळेपर्यंत जावं लागत नाही. बाईंनी पेटीतून आपला पाट काढला. प्लॅस्टिकचा, लालभडक, मधोमध घडी पडणारा. मुलांना अंक शिकवायला याच्यासारखं दुसरं काही नाही, अशा खुशीत त्यांनी तो वर्गात नेऊन टेबलावर उघडला. मग एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, कोण गेलं?"

बाई काही बोलायच्या आत पोरं उठली आणि आपापल्या घरी पळाली, आपलंच तर कुणी गेलं नाही ना ते बघायला. एकाचा आजा दुपारचा गाढ झोपला होता. नातवानं त्याच्या अंगावर पडून असा हंबरडा फोडला, की म्हातारा उठून नेसतं सावरत थेट जिन्याच्या पायऱ्यांवर आला आणि विचारू लागला, "कोण? कोण मेलंय?" संध्याकाळी आईबाप शाळेच्या दारात जमले. लाल पाट कपाटात गेला आणि कपाटाला कुलूप लागलं.

बाई रडवेल्या होऊन नेने रावेकडे आल्या.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं का नाही?" नेने म्हणाली. मग त्यांच्यापुढे कॉफी ठेवली. "प्या. आमचंही चुकलंच."

कॉफी पिता पिता बाई खऱ्या विषयावर आल्या. "तुमच्या बेस्सेची मला काळजी वाटते. मी सगळ्यांना सात-सात खडे दिले आणि दोन ढीग करा म्हटलं. पाच-दोन करा, चार-तीन करा, कसेही करा. हिनं ओंजळीत धरले ते सोडलेच नाहीत. मी एक खडा उचलला तर हाताला चावली."

"एक उचललात कशाला?"

"नेने, सात कशाकशाचे झालेत ते मुलाच्या हाताला कळावं लागतं. नाहीतर पुढची बेरीज-वजाबाकी येत नाही. ही प्रत्येक वेळी बोटं धरून एकपासून मोजते. असंच राहिलं तर मला तिला पुन्हा पहिलीतच बसवावं लागेल."

नातीची आई गेली होती, आता मैत्रिणीही पुढच्या वर्गात जाणार होत्या.

"इथं पाट मांडलेला आहे," नेने म्हणाली. "या घरात दुखवटा आहे तोवर खेळायला कुणाची ना नाही. तुम्ही दुपारच्या इथंच येत जा."

मित्रांनो, त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दुपारी होत्या. असं म्हणायला मला संकोच वाटतो, पण खोटं कशाला बोलू?

पहिले काही दिवस काहीच घडलं नाही. बाई आल्या की बेस्से चिंचोके पोटाशी धरायची. मग बाईंनी मागणंच सोडलं. त्यांनी माझ्या एका ओळीतल्या प्रत्येक वाटीत एकेक चिंचोका ठेवला आणि म्हणाल्या, "हे बघ, कुणी काही हलवणार नाही. तुला हलवायचा असेल तर हलव." बेस्सेनं वाकून बघितलं. एक चिंचोका माझ्या त्या तिरक्या वाटीत तिरका बसला होता. तो तिला दोन्ही हातांनी नीट करायचा होता, म्हणून तिनं धोटा क्षणभर खाली ठेवला. तो माझ्यावरच आडवा पडला, दोन वाट्यांच्या मधोमध.

"राहू दे," बाई हळूच म्हणाल्या. "उचलू नकोस. धोट्याच्या अलीकडे किती?"

"तीन."

"आणि पलीकडे?"

"चार."

"सगळे मिळून?"

बेस्सेनं बोट लावून एकपासून मोजले. "सात."

बाईंनी धोटा एक वाटी सरकवला. "आता?"

"दोन. आणि पाच." पुन्हा बोट, पुन्हा एकपासून. "सात."

मग तिनं स्वतःच धोटा सरकवला. एक आणि सहा. परत आणला. चार आणि तीन. पार टोकाला नेला, सात आणि काहीच नाही. प्रत्येक वेळी तिनं सगळे चिंचोके मोजले, आणि प्रत्येक वेळी ते सातच भरले. हलत होता तो धोटा. चिंचोके जागचे हलले नव्हते.

"भिंत घातली तरी कुणी गेलं नाही," ती म्हणाली.

नेने रावेनं सारोंगचं टोक तोंडाला लावलं आणि ती चुलीकडे निघून गेली. चुलीवर काहीच नव्हतं.

त्यानंतर गाडी सुरू झाली. बाई एका बाजूवर तळहात झाकायच्या आणि विचारायच्या, "हाताखाली किती?" आधी बेस्से त्यांचा हात उचलून बघायची. मग वाकून बोटांच्या फटीतून बघायला लागली. मग बघेनाशीच झाली. आठ झाले, नऊ झाले, ते माझ्या दुसऱ्या ओळीत उतरले. नेने मुठीत लपवायची आणि मुद्दाम चुकायची, "पाच आणि तीन, झाले नऊ." बेस्से कपाळावर हात मारायची, "नेने, तुला पहिलीत बसवायला हवं." एका दुपारी तिनं ओळीतला एक चिंचोका उचलला आणि आपण होऊन नेनेच्या मोठ्या घरात नेऊन ठेवला. "सहा माझ्याकडे, एक तुझ्याकडे. आहेत सातच." आणि खेळायला लागली. खरा गलेचेंग, पेरत, जमवत, हरल्यावर रुसत. माझ्या वाट्या तिच्या बोटांनी ऊबदार झाल्या. इतक्या वर्षांत मला कुणी असं रोज हात लावला नव्हता.

पण दुखवट्याला शेवट असतो. मरणाचा चाळिसावा दिवस झाला, कुराण वाचून झालं, शेजारपाजार जेवून गेला. आता मला माळ्यावर जायला हवं होतं. मी खाली मांडलेला असेपर्यंत घराला दुखवटाच, म्हणजे तेन्रीचं लग्न लागणार नाही, आणि लग्नाचा सारोंग विणायला मागही हलायचा नाही.

नेने रावे मला उचलेना.

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात म्हणे," इंदो सारी दारातून म्हणाली. "इथं तर नाक चांगलं सरळ आहे पोरीचं."

दोन दिवसांनी तेन्री फुटली. "आई, माझं लग्न चिंचोक्यांवर अडलंय का?"

"हो."

"मुलाकडचे किती दिवस थांबतील?"

"माणसं चांगली असतील तर थांबतील. नाही थांबली तर लग्नाआधीच कळलं म्हणायचं."

"आणि मी? माझी बहीण गेली, ते मला कुणी विचारलं? मला पण तिच्या मागावर बसायचंय. मला पण रडायला काहीतरी काम हवंय!"

"पोरीचं दहाचं अजून चुकतंय, तेन्री. दहा झाले की मी उचलते. आता मध्येच काढून घेतलं, तर ती पुन्हा मूठ आवळेल."

तेन्रीनं बंद मागावरचं कापड झटकलं, पुन्हा घातलं आणि पाठ करून झोपली. मी बिचाऱ्या तेन्रीच्या बाजूनं असायला हवं होतं. पण बेस्से दहाची फोड चुकली, सहा आणि पाच म्हणाली, की मला बरं वाटायचं. अजून एक दुपार मिळाली, असं वाटायचं.

मग मुलाकडची वडीलधारी माणसं बोलणी करायला आली. सहा जण होते. तेन्री आत तोंड लपवून बसली होती. चुलीवर केळीच्या पानांत वाफवलेला गोड बारोंगको तयार होता. नेनेनं ताट बेस्सेच्या हातात दिलं. "पाहुण्यांना एकेक दे आणि उरलेले झाकून ठेव."

बेस्से ताट घेऊन माझ्या शेजारूनच गेली. मला वाटलं, ती ताट खाली ठेवेल, माझ्याजवळ बसेल, चिंचोके मांडेल. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. ताटातल्या पुड्यांवर एकदा नजर फिरवली. बोट लावलं नाही, ओठ हलले नाहीत.

"दहा आहेत. सहा पाहुण्यांना, चार राहतील," ती म्हणाली. "आपण चार. पुरतील."

पाहुण्यांना वाटलं पोर हुशार आहे. पण मप्पानं मान खाली घातली. हालिया गेल्यापासून त्या घरात 'आपण चार' असं कुणीच म्हटलं नव्हतं.

आतून तेन्रीचा हुंदका ऐकू आला. बेस्से ताट घेऊनच आत गेली.

"मावशी, रडतेस का?"

"मी गेले की तुम्ही तीनच उरणार ग."

"तीनच कशी? तू तिकडे एक, आम्ही इकडे तीन. झाले की चार." तिनं एक पुडी मावशीच्या हातात कोंबली. मग कमरेला खोवलेला धोटा काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. "हा घे. तुला विणायचंय ना?"

"तुला नको? पाटावर भिंत घालायला?"

"मला आता डोक्यात घालता येते."

तेन्रीनं तिला अशी मिठी मारली, की बारोंगको दोघींच्या कपड्यांना लागला. बाहेर नेने रावे पाहुण्यांना म्हणाली, "तारीख बोला." आणि तिनं माझ्याकडे बघितलं. मला समजलं. मित्रांनो, मला त्या क्षणी आनंद झाला. पोर पुढच्या वर्गात जाणार होती. पण त्याच आनंदात माझ्या आतलं काहीतरी पार रिकामं झालं. तिला शिकवायला मी जन्मात एकदा उपयोगी पडलो, आणि शिकवणं पुरं झालं याची खूण अशी, की तिला माझी गरज उरली नाही.

दुसऱ्या दिवशी मप्पानं मला तळ्यावर नेऊन धुतलं. चिंचोके नारळाच्या करवंटीत भरले. मला वर ठेवून तो शिडी उतरला, तेव्हा खाली मागाचा खटखटाट सुरू झाला होता आणि बेस्से मावशीला रंग सुचवत होती. महिन्याभरात लग्न झालं. ढोल मी वरूनच ऐकले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. वुलान बाई अजून याच शाळेत आहेत. लाल पाट कपाटातून कधी निघाला नाही, पण वर्गात त्या केळ्याचे काप मांडतात, मध्ये बोरूची काडी ठेवतात आणि पोरं शिकतात. इंदो सारीनंच एकदा जिन्यात सांगितलं. बेस्से मोठ्या शाळेत जाते, सकाळी लवकर निघते आणि आली की पुस्तकात डोकं घालते. मप्पा तळ्यावर असतो. दुपारी घर शांत असतं.

त्या शांततेत मला खालून एकच आवाज येतो, नेने रावेच्या खोकल्याचा. यंदा तो वाढलाय. खोकून झालं की ती कधी कधी एकटीच बोलते, "पाच आणि तीन, झाले नऊ," आणि थांबते. चूक काढायला समोर कुणी नसतं.

मला माहीत आहे, मी पुन्हा खाली जाणार आहे. त्या दिवशी बेस्से धावत येईल, तेन्री सासरहून येईल, मप्पा होडी काठाला बांधून येईल. सगळे माझ्याभोवती गोल करून बसतील, अगदी जवळ जवळ, दिवसचे दिवस. मला हवी तेवढी माणसं मिळतील. आणि जिच्याजवळ त्यांनी असं बसायला हवं होतं, ती तेवढी नसेल.

म्हणून मित्रांनो, ज्या गोष्टीसाठी मी जन्मभर झुरलो, ती आता मला नको आहे. तुमच्या घरी एखादी नेने असेल तर आज दुपारी तिच्यासमोर बसा. त्याला पाट लागत नाही. केळ्याचे चार काप करा, एक हाताखाली लपवा आणि विचारा, किती लपले? ती मुद्दाम चुकेल. तिला चुकू द्या, आणि हसा. माझी आठवण कुणी काढू नका, मला माळ्यावरच राहू द्या. मला एकटं राहायची सवय आहे. तिला नाही.